चांगल्या नळाची दुरुस्ती

आमच्या घरात नळ गळायला लागला की मी प्लंबरला फोन करते आणि तो येईपर्यंत खाली बादली लावून ठेवते. समोरच्या शेजूळभाऊंना हे बघवत नाही. पुंजाराम शेजूळ म्हणजे आमच्या पडेगावच्या गल्लीतले असे गृहस्थ, की दुसऱ्याच्या घरचा पंखा कुरकुरला तरी यांच्या जिवाला घोर लागतो. "वहिनी, वायसर बदलायला बाहेरचा मानूस बोलावता व्हय?" असं म्हणत ते फाटकाशी येऊन उभे राहतात, आणि हातात पाना असतोच. मीही मुद्दाम सांगते, की मला प्लंबरनंच दुरुस्त केलेला नळ आवडतो. मग हिरमुसले होऊन परत जातात.

मूळचे गंगापूरकडचे. शेती भावांच्या हवाली करून तरुणपणी शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागले ते तिथूनच रिटायर झाले. बेअरिंग, बेल्ट, सील, नट-बोल्ट हे सगळं त्यांच्या ताब्यात. पण मशीनला हात लावायची परवानगी नाही. मशीन बंद पडलं की सगळे तिकडं धावायचे आणि यांनी जाळीच्या खिडकीत बसून राहायचं. फिटर येऊन पार्टचं नाव सांगणार, हे काढून देणार, फिटर जाणार. त्या पार्टनं पुढं काय चमत्कार केला, हे यांना फक्त आवाजावरून कळायचं. इतकी वर्षं हात शिवशिवत राहिलेला माणूस घरी बसल्यावर काय करणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी द्वारकाबाईंचा मिक्सर उघडला. मग कुकरची शिटी, मग इस्त्री, मग कूलरचा पंप. द्वारकाबाई मला म्हणायच्या, "माझ्या घरात आता स्क्रू नसलेली एकच वस्तू हाय, मी."

स्टोअरची एक सवय मात्र त्यांनी घरी आणली. कंपनीत जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. त्यामुळं बदललेली कोणतीही वस्तू ते फेकत नाहीत. तेलाचे रिकामे डबे आहेत, त्यांत झिजलेले वायसर, जळालेले कंडेन्सर, दात गेलेली मिक्सरची चाकं अशी सगळी मंडळी सुखानं नांदतात. द्वारकाबाईंनी एकदा भंगारवाल्याला डबा दिला, तर भाऊ त्याच्या मागं दौलताबाद रोडपर्यंत गेले.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठवडा उलटतो, कधी त्याहून जास्त. आलं की थोडा वेळ असतं, तेवढ्यात घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यायचं. ज्यांची टाकी गच्चीवर आहे ते नळाच्या पाइपालाच मोटर जोडतात आणि पाणी वर ओढतात. अशी मोटर लावू नये असा नियम आहे, आणि तो मोटर लावणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे.

शेजूळभाऊंचं घर आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं गयासचं घर, ही गल्लीतली शेवटची दोन घरं. नळाची जोडणी घेताना रस्ता दोनदा फोडायला नको म्हणून दोघांनी मिळून एकच पाइप ओढला आणि दारापाशी त्याला फाटा दिला. निम्मं पाणी इकडं, निम्मं तिकडं. लिहून वगैरे काही नाही, दोन घरांचं बोलणं झालं तेवढंच. गयासकडं मोटर नाही. त्याचा हौद जमिनीतच आहे, नळाचं पाणी आपसूक त्यात पडतं. तो स्वतः टेम्पो घेऊन पुण्या-सोलापूरकडं फिरतो, घरी असतो कमीच. घरात त्याची बायको शाइस्ता आणि त्याची आई, राहतबी.

राहतबी या गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. शेजूळभाऊंनी घर बांधलं तेव्हा इकडं नळ आलाच नव्हता. राहतबींच्या अंगणात बोअर होती आणि तिला तेव्हा पाणी होतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं, भिंती सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या, ते सारं त्या बोअरच्या पाण्यावर झालं. पुढं बोअर आटली. "आमच्या भिंती खालाच्या पान्यानं पक्क्या झाल्यात," असं शेजूळभाऊ स्वतःच चारचौघांत सांगायचे; खाला म्हणजे मावशी, राहतबींना ते तसंच म्हणतात. मागच्या हिवाळ्यात राहतबी न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून त्या खाटेवरच. सगळं खाटेवर. शाइस्ताचं धुणं त्या दिवसापासून दुप्पट झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला शेजूळभाऊंची मोटर मरगळली. आवाज मोठा आणि पाणी बोटाएवढं. मेकॅनिक बघून म्हणाला, नवी घ्या. शेजूळभाऊंना हे ऐकून आनंदच झाला असणार, कारण मेकॅनिकनं हात टेकले की यांना स्फुरण चढतं. त्यांनी अंगणात पेपर अंथरला आणि मोटर उघडली. आत पाणी ओढणारा पितळी पंखा असतो, त्याची पाती झिजून गुळगुळीत झाली होती. तो पंखा खिशात घालून ते शहरात जुन्या मोंढ्याकडं अफजलभाईंच्या दुकानात गेले. अफजलभाईंचं दुकान म्हणजे या माणसाचं माहेर. तिथून नवा पंखा आणला, सील आणलं, कंडेन्सर आणला. जुना पंखा अर्थातच परत आला आणि डब्यात जमा झाला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटरीनं कमाल केली. टाकी कधी नव्हे ती भरून वाहिली. पन्हाळीतून पडणारं पाणी बघायला द्वारकाबाईंनी मला मुद्दाम बोलावलं, आणि शेजूळभाऊ हाताची घडी घालून मोटरीशेजारी उभे होते, मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे. त्यांचा मुलगा गोकुळ, त्याची बायको, पोरं सगळी मनसोक्त नाहली. फक्त मोटर मधूनच घरघरत होती, पाण्याबरोबर हवा ओढल्यासारखी. सील नीट बसलं नसेल, असं ते म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी शाइस्ता त्यांच्या दारात आली. डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, "काका, आमच्या नळाला काय तरी झालंय. धार येती आन् लगेच जाती. जरा बघता का?"

असं कुणी विचारलं की शेजूळभाऊंना चप्पल सापडत नाही, इतकी घाई होते. पिशवी घेऊन ते गेले. नळ उघडला, वायसर बदललं, आट्यांना टेप गुंडाळली, नळ पुन्हा बसवला. पाणी नव्हतंच, त्यामुळं चालवून बघता आलं नाही. खाटेवरून राहतबी म्हणाल्या, "पुंजाराम, अल्ला तुझ्या हाताला बरकत देवो." हे पहिल्या वेळचं काम त्यांनी सरळ मनानं केलं, हे मी इथं लिहून ठेवते. पुढच्यांचं तसं म्हणता येत नाही.

नंतरच्या पाण्याच्या दिवशी शाइस्ता पळतच आली. भांडी तशीच रिकामी होती.

"काका, नळ हात ओढतो."

"म्हंजी?"

"तोटीला तळवा लावला की चिकटून बसतो. पानी यायचं सोडून नळच आत ओढतोय."

शेजूळभाऊ तेव्हा मोटरीपाशी उभे होते. मोटर घरघरत होती. आणि त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. नवा पंखा दोघांच्या पाइपातलं सगळं पाणी इकडं ओढत होता, आणि तेवढ्यानं भागलं नाही की शाइस्ताच्या उघड्या नळातून हवाही ओढत होता. त्यांच्या मोटरीची घरघर आणि तिच्या नळाचं हात ओढणं, ही दोन घरांतली एकच तक्रार होती. नळाला काहीच झालेलं नव्हतं.

हे तोंडातून बाहेर यायला किती वेळ लागणार होता? पण ते म्हणाले, "जुनी लाइन हाय पोरी. एक व्हॉल्व्ह बसवून बघू."

हे सगळं त्यांनी मला नंतर आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी विचारलं, "तिथंच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, मोटर दुरुस्त झाल्याचं सगळ्या गल्लीत सांगून बसलो होतो. आणि वर टाकीत पाणी पडत होतं त्याचा आवाज येत होता. तो आवाज बरा वाटत होता. एवढंच कारण. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. पण असा आवाज आमच्या टाकीत पडत असता तर मी काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगायला कुणी मला सांगू नये.

व्हॉल्व्ह बसला. पाणी एकाच बाजूनं जाऊ देणारा तो व्हॉल्व्ह असतो. शाइस्ताच्या घराकडं पाणी जाणार, पण तिकडून उलटं काही येणार नाही. आता नळ हात ओढणार नाही, हे शेजूळभाऊंनी तिला समजावून सांगितलं आणि ते खरंच होतं. पुढच्या पाण्याला नळानं हात ओढला नाही. पाणीही दिलं नाही. आणि इकडं शेजूळभाऊंची मोटर पहिल्यांदाच एकसारखी, गोड चालली. हवा यायची वाटच बंद झाली होती ना. टाकी आदल्या खेपेपेक्षाही लवकर भरली.

ते मोटरीसमोर खाली बसले. शेजारणीची मदत म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह त्यांच्याच मोटरीच्या कामाला आला होता. "बसवताना मला हे ठाऊक होतं का नव्हतं," ते मला म्हणाले, "हे माझं मलाच सांगता येत नाय, वहिनी. स्टोअरमधी इतकी वर्षं काढली. कुठला पार्ट कशाला लागतो ते मला ठाऊक नसंल, असं कसं म्हनू?"

त्यानंतर हा माणूस ज्या त्या निमित्तानं शाइस्ताच्या घरी दिसू लागला. तिच्या पंख्याचा कंडेन्सर बदलला. कुकरला नवी रिंग आणली. दाराच्या कडीचा स्क्रू बसवला, इस्त्रीची वायर बदलली, कूलरचा पंप साफ केला. राहतबींना दवाखान्यात न्यायच्या चाकाच्या खुर्चीचं एक चाक अडत होतं, ते काढून, तेल घालून, गुळगुळीत करून दिलं. त्या घरातलं बिघडलेलं होतं नव्हतं ते सगळं दुरुस्त झालं, एका पाण्याशिवाय. आणि दर खेपेला निघताना ते नळाशी जायचे, नळ उघडायचे, आत बघायचे, पुसायचे, परत लावायचे. "आता बघू," म्हणायचे. द्वारकाबाईंना वाटायला लागलं, की स्वतःच्या घरच्या गिझरकडं लक्ष नाही आणि लोकांच्या घरी मात्र हे रोज हजर. त्या मला म्हणाल्या, "यांना रिटायर करून कंपनीनं माझ्यावर कशाचा सूड घेतला?"

शाइस्ता आमच्याकडून कधी दोन हंडे न्यायची. शेजूळभाऊंनी तिला सांगून ठेवलं, की आमच्या टाकीतलं घेऊन जात जा, लाजू नको. ती यायची, दोन बादल्या भरून न्यायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "लई उपकार झाले, काका." तिचंच पाणी तिला द्यायचं आणि वर तिच्याकडून उपकार ऐकून घ्यायचे. ते सांगायचे, की ती फाटकातून येताना दिसली की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. बादल्या द्वारकाबाईच भरून द्यायच्या.

मोटर उशिरा लावून बघावी, असंही त्यांनी मनात आणलं. शाइस्ताचं थोडं भरू द्यावं, मग बटण दाबावं. पण पाणी आलं की आधी जाग द्वारकाबाईंना येते. त्यांनी पाइपाचा फुरफुर आवाज ऐकला आणि नेहमीसारखं बटण दाबलं. शेजूळभाऊ म्हणाले, "थांब की जरा." त्या म्हणाल्या, "का? पानी काय तुमची वाट बघनार हाय?" याला उत्तर होतं, पण ते द्यायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मोटर चालू राहिली.

मग एके सकाळी ते राहतबींच्या खाटेला नवी रबरी टोपणं बसवायला गेले, पाय फरशीवर घासतात म्हणून. शाइस्ता मागं धुणं धूत होती. आधी कपडे धुतलेल्या पाण्यातच ती चादर पिळत होती, पाणी मातकट झालेलं. शेजूळभाऊंनी नजर वळवली. राहतबींच्या उशाशी पेला भरून ठेवला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी पेला उचलून पुढं केला. राहतबींनी ओठ ओले केले आणि पेला परत दिला.

"प्या की खाला. घसा कोरडा पडलाय तुमचा."

"नगं. लई पीत नाय मी." राहतबी हळू बोलायच्या, दम लागायचा. "प्यालं की खाटेवर होतं. खाटेवर झालं की त्या पोरीला धुवावं लागतं. धुवायला पानी कुठंय?"

शाइस्तानं मागून ऐकलं. ती हात पुसत आली आणि म्हणाली, "काका, तुमी तरी सांगा यांना. लघवीला जळजळ होती, ताप येतो अधूनमधून. डॉक्टर म्हनला, पानी भरपूर पाजा, नायतर ॲडमिट करावं लागंल. या ऐकतच नायत."

शेजूळभाऊंनी टोपणं बसवली नाहीत. पिशवी उचलली आणि घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. द्वारकाबाईंनी दोनदा विचारलं, तर पोट बरं नाही म्हणाले. माझी म्हातारी सासू शेवटी खाटेवर होती, त्यामुळं मला ठाऊक आहे, की पाणी नको म्हणणारं माणूस कसं दिसतं. शेजूळभाऊंनी ते पाहिलं होतं, आणि ते कुणामुळं हेही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात पुन्हा पेपर अंथरला. मोटर उघडली. आतला नवा पंखा अजून सोन्यासारखा चमकत होता. तो काढून बाजूला ठेवला आणि तेलाच्या डब्यातून जुना, पाती झिजलेला पंखा शोधून काढला. तो ते मोटरीत बसवत होते तेव्हा द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. कप हातातच राहिला.

"अहो, झिजल्याला कशापायी बसवताय? चांगला चालतोय की नवा."

आता मात्र त्यांनी सांगितलं. पान्यात बोल्ट धरलेला, मान खाली, आणि सगळं सांगितलं. पाइप एक आहे, ओढ कुणाची आहे, नळ हात का ओढत होता, व्हॉल्व्ह कुणाच्या कामाला आला, राहतबी पाणी का पीत नाहीत. द्वारकाबाई ऐकत राहिल्या. त्या रागावतील, ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही.

"बटन मी दाबत होते," त्या म्हणाल्या.

"तुला काय ठाऊक?"

"तेच म्हनते मी. तुमाला ठाऊक होतं आन् तुमी उभं राहून बघत होता. माझ्या हातनं करून घेतलं तुमी हे. ती पोर बादली न्यायला यायची तवा मी तिला म्हनलं बी एकदा, पानी जपून वापरत जा गं." आणि त्या चहा तसाच घेऊन आत गेल्या. शेजूळभाऊ मला म्हणाले, की सगळ्यात जास्त हे लागलं. आपलं पाप आपल्यापाशी असतं तोवर एक असतं. दुसऱ्याच्या हातानं ते करून घेतलं, हे त्यांनी तोवर मोजलंच नव्हतं.

मी त्यांना नंतर म्हटलं, पंखा कशाला बदललात? मोटर बंद ठेवायची, शाइस्ताचं भरलं की लावायची, झालं असतं की. ते म्हणाले, "बटन हाताशी असतं, वहिनी. मला माझ्या हाताचा भरवसा वाटंना." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चालू वस्तू स्वतःच्या हातानं बिघडवली होती, आणि तीही अगदी नीट, सील-बिल व्यवस्थित बसवून.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दारातच होते. शेजूळांची मोटर बंद होती. द्वारकाबाई बटणापाशी पाट टाकून, पहारा देत बसल्या होत्या. शाइस्ताच्या घरातून भांड्यांचा आवाज आला. मग ती बाहेर आली, ओढणी खांद्यावर, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. "काका, आलं. हौद भरतोय." तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. बायका जमल्या. शाइस्ता सांगत होती, की कितीदा नळ खोलला, व्हॉल्व्ह टाकला, पण काकांनी पिच्छा सोडला नाही, शेवटी दुरुस्त करूनच थांबले. कुणीतरी म्हणालं, आमच्याही नळाला धार बारीक येते, जरा बघाल का. कुणी म्हणालं, हाताला गुण आहे माणसाच्या.

शेजूळभाऊ फाटकाला धरून उभे होते. चेहरा असा झाला होता, की कुणी यांच्यावर चोरीचा आळ घेत असावं. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कौतुकानं लाजले. मी आणखी भर घातली. म्हटलं, "चला, आता माझाही नळ तुमच्याच हवाली." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दारातून द्वारकाबाई मात्र त्यांच्याकडं बघत होत्या, एकटक. त्यांनी फाटक उघडलं आणि शाइस्ताच्या घरात गेले. या खेपेला हातात पिशवी नव्हती.

राहतबी जाग्याच होत्या. मागून हौदात पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. शेजूळभाऊ खाटेजवळ खाली फरशीवर बसले.

"खाला, नळाला काय झालंच नव्हतं."

राहतबींनी मान त्यांच्याकडं वळवली.

"माझी मोटर. मी ती दुरुस्त केली तवापासनं तुमचं पानी मीच ओढत होतो. मला कळलं होतं. कळूनबी मी नळच दुरुस्त करत बसलो."

"ठाऊक हाय मला," राहतबी म्हणाल्या.

त्यांनी हात उचलून उशामागच्या भिंतीवर ठेवला. दोन्ही घरांची ती एकच भिंत. "माझी खाट हितंच हाय ना. तुझी मोटर माझ्या उशाशी सुरू व्हायची. आन् तिकडनं शाइस्ता म्हनायची, अम्मी, पानी गेलं. मोटर बंद झाली की म्हनायची, आता ठिबकायलंय. पडल्या पडल्या मला दुसरं काम काय? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाय तुमी? गयासला सांगायचं. शाइस्ताला सांगायचं. मला शिव्या घालायच्या."

"सांगनार होते. पन त्याच दुपारी तू पिशवी घेऊन आला. मला वाटलं, आला, आता सांगंल. मग पुन्यांदा आला. मला वाटलं, आज सांगंल." राहतबी थांबल्या, श्वास घेतला. "तू नळाम्होरं बसायचा, नळ खोलायचा, पुसायचा, परत लावायचा. हितनं समदं दिसतं मला. पान्याचं कसंबी निभलं असतं, पुंजाराम. चांगला नळ खोलताना तुला बघवत नव्हतं."

शेजूळभाऊंना मान वर करता आली नाही. मग राहतबींनीच त्यांच्या खांद्याला बोट लावलं आणि उशाशी असलेल्या पेल्याकडं खूण केली. ते उठले. पेल्यातलं शिळं पाणी ओतून दिलं, नळाशी गेले, पेला भरून आणला आणि त्यांच्या डोक्यामागं हात देऊन त्यांना जरा उठवून बसवलं. राहतबींनी पेला तोंडाला लावला आणि सगळा प्यायला. मग रिकामा पेला त्यांच्यापुढं धरला.

"अजून दे," त्या म्हणाल्या.